बाप्याची तपासणी

ईसीजीच्या गार जेलचा वास आला की बारामतीतला तो दवाखाना आठवतो. ठोके चुकतात म्हणून मी उघडाबंब पडलेलो, आणि इंदापूरची आत्या माझ्या बायकोसमोरच मला दुसरं स्थळ सुचवत होती, कारण आम्हाला मूल नव्हतं. हृदयाचे ठोके आणि पुरुषाचं वंध्यत्व यांवर संशोधन करणारे डॉक्टर म्हणाले, “आधी यांचं वीर्य तपासू.” आत्या भडकली, “आमच्यात बाप्याला तपासत न्हाईत.” बायको माझ्याकडं बघून म्हणाली, “तपासा, न्हायतर मी आजच माहेरी जाती.” माझे उरलेसुरले ठोकेही चुकले आणि मी गुपचूप नमुन्याची डबी मागितली. दोष माझ्यातच निघाला. आत्या म्हणाली, “मशीनच बिघडलंय.” अजूनही गावात आली की ती आमच्या दारावरून मान फिरवून जाते, आणि बायको मुद्दाम अंगणात उभी राहते.