पंगतीतून उठवलेल्या बाई

ओंपू तिआर्मानं शाळेच्या बाईंना भर पंगतीतून उठवलं आणि उष्टी भांडी घासायला बसवलं, अशी बोलवा तळ्यापलीकडच्या बाजारात अजून टिकून आहे. मासळीवाल्या दुमारिसच्या तोंडून ऐकली तर तिच्यात एक थप्पडही असते. मिरच्या विकणारी लोईसा घशात हुंदका आणून सांगते, "घास हातात होता गं बिचारीच्या, हातात! आणि म्हातारी म्हणते, चल, ऊठ!" लाँचीवरचा तिकीटवाला तर बाईंना त्याच संध्याकाळी ट्रंकेसकट पैलतीराला पोचवून मोकळा होतो.

म्हातारीच्या नातीला, तिआर्माला, हे तिन्ही आवाज काढता येतात. लोईसाचा हुंदका तर ती लोईसापेक्षा बरा काढते. पण काढून झाला की न चुकता सांगते, थप्पड खोटी, रडणं खोटं, लाँच तर साफ खोटी. उठवलं तेवढं खरं.

म्हातारी तिची ओंपुंग, म्हणजे आजी. मूळचं नाव लामरिया. पण तळ्याकाठच्या गावांत पहिलं नातवंड झालं की आजीचं नाव गळून पडतं आणि नातवंडाचं चिकटतं. त्यामुळे पाळण्यातल्या तिआर्माच्या नावानं ही बाई गावाला दरडावत होती. "ओंपू तिआर्मा येतेय!" अशी आरोळी आली की रिकामटेकडे पुरुष ताडीच्या गुत्त्यामागून पसार व्हायचे, आणि लहानगी तिआर्मा समजायची की लोक आपल्याला घाबरतात.

ओंपुंग घराच्या मोठ्या खांबांमधल्या सावलीत माग टाकून बसायची. तिचं उलोस, म्हणजे खांद्यावर घ्यायचं मानाचं वस्त्र, त्या काठाला नावाजलेलं होतं. तोंडात पान, हातात धोटा, आणि भोवती गावातली पोरं धडे वाचत. पोरगं अडखळलं की माग थांबायचा. माग थांबला की सगळी पोरं थांबायची. आणि मग ती शांतता इतकी जड व्हायची की अडखळलेलं पोरगं काहीतरी करून पुढचा शब्द लावायचंच.

शाळाही तिनंच उभी करवली. चहाड्या ऐकायला तिच्याकडे सगळ्या बायका यायच्या. तिनं फर्मान काढलं, माझ्या ओट्यावर बसायचं असेल तर तळ्याकाठचा एक दगड घेऊन या. रिकाम्या हातानं गप्पा नाहीत. ज्या वर्षी धाकट्या पाद्र्याचं लग्न मोडलं, त्या वर्षी पाया भरून निघाला. "आपली शाळा गावाच्या चुगल्यांवर उभी आहे," ओंपुंग म्हणायची, "म्हणून तर हलत नाही."

शाळा हलली नाही, पण शिकवणारे हलायचे. एक मास्तर आले नि गेले. दुसरे आले नि गेले. शिकवणारं कुणी नसलं की पोरांना तळ्यापलीकडच्या वसतिगृहात धाडायचं, आणि तिथं ओंपुंगचं दुखणं होतं. तिची लेक रुगुन, तिआर्माची आत्या, कोवळ्या वयात तशीच पलीकडे गेली होती. शिकली, मेदान शहरात मोठ्या इस्पितळात नर्स झाली. नाताळला घरी यायची, नव्या चटईवर पाय दुमडून बसायची आणि हळूच विचारायची, "आई, पाणी मिळेल का?"

ती परत गेली की ओंपुंग मागावर बसून म्हणायची, "शिकली ते सोनं झालं. पण स्वतःच्या घरात पाणी मागते गं."

मग यासिंता बाई आल्या. फ्लोरेस बेटावरच्या, दूर पूर्वेच्या, सडपातळ, हळू बोलणाऱ्या. शिकवायच्या अशा, की सुट्टी झाली तरी पोरं उठेनात. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. घरोघरी उत्तम चटई, उत्तम तुकडा, आणि मग पहिला प्रश्न, "कुळ कोणतं?" तुमच्यातलं कुठलंच नाही, असं बाई सांगायच्या. झालं. कुळ कळल्याशिवाय समोरच्या बाईला आत्या म्हणायचं, मावशी म्हणायचं की नणंद, हे ठरणार कसं? आणि ते ठरल्याशिवाय थट्टा करायची कुणाची, रागवायचं कुणावर? मग लोक नुसतं "खा ना बाई, खा" म्हणत आणि गप्प बसत.

एके दिवशी बाईंनी तिआर्माजवळ दोरी मागितली. तिआर्मानं घरी येऊन मान कलती करून, बाईंच्या त्या मऊ सुरात, जसंच्या तसं ऐकवलं, "तिआर्मा, जरा मजबूत असेल तर बरं हं. ट्रंक बांधायचीय. तुमची माणसं फार चांगली आहेत. पण मला इथं सारखं पाहुणीसारखं वाटतं."

ओंपुंग हसता हसता थांबली. धोटा थांबला. "पाहुणीसारखं म्हणाली? तिच्या तोंडचा शब्द, का तू घातलेला?"

"त्यांचाच."

ओंपुंगनं पान थुंकलं.

दुसऱ्या दिवशी ओंपुंगचे धाकटे दीर मारोलोप यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. डुक्कर पडलं होतं, साक्सांगचा, म्हणजे रक्तात शिजलेल्या डुकराच्या मटणाचा वास टेकडीपर्यंत गेला होता. मानाच्या चटईवर सुनेच्या माहेरची माणसं, आणि त्यांच्या शेजारी बाई, ताट समोर, एकट्या. चुलीपाशी मात्र कालवा चालला होता, कारण कुळाच्या जेवणात कुळाच्याच लेकी-जावयांनी राबायचं असतं. लेकी भांडी घासत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करत होत्या, पाणी उडवत होत्या.

ओंपुंग उठली. चटईवर गेली, बाईंच्या हातातला घास ताटात ठेवला, मनगट धरलं. "चल, ऊठ. घरच्या लेकी तिकडे मरताहेत नि तू इथं बसून गिळतेस?"

मारोलोपांचा हाडुक धरलेला हात हवेतच राहिला. "वहिनी! त्या शाळेच्या बाई आहेत! आणि कुळाच्या लेक कधी झाल्या? विधी नाही, वडीलधाऱ्यांची संमती नाही!"

"विधी तुम्ही सावकाश करा भावजी, तुम्हाला सगळं सावकाशच लागतं. भांडी आत्ता तुंबलीत."

बाईंना काही कळेना. पण रक्ताच्या कढईपाशी बसल्या. मग एकीनं म्हटलं, "अगं ए, अशी काय खरवडतेस, मांजर कुरवाळल्यासारखी?" दुसरी म्हणाली, "फ्लोरेसला डुकरं आंघोळ करून येत असतील!" बाईंनी मान वर केली. "नाही," त्या हळूच म्हणाल्या, "पण आमच्याकडे कढई नवरे घासतात." असा हशा उसळला की पंगतीतले पुरुष दचकले. बाईंनी तिथंच, चुलीच्या धुरात, भांड्यांच्या ढिगाआड बसून जेवण संपवलं.

जिनं कुळाची भांडी घासली तिला परकी कसं म्हणायचं, असा पेच वडीलधाऱ्यांना पडला. शेवटी रीतसर विधी झाला, तळ्यातला मासा शिजला, ओंपुंगनं स्वतः विणलेलं उलोस बाईंच्या खांद्यावर पडलं आणि बाई कुळाची लेक झाल्या. आता बायका त्यांना नणंद म्हणून छळू शकत होत्या, आणि छळलंही.

"तरी जातील त्या," तिआर्मा म्हणाली. "ट्रंक अजून बांधलेलीच आहे, मी पाहिलीय."

"लाव पैज. माझ्या मरणाच्या जेवणाला ही चुलीपाशी असेल. आणि नुसती नसेल, ओरडत असेल."

"बाई? ओरडतील? त्यांचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही, ओंपुंग!"

"मग हरशील तर रक्ताची कढई तू घासायची. जिंकशील तर..." ओंपुंग हसली, "जिंकशील तर मी नसेनच द्यायला. म्हणून तर लावते."

गेल्या भातकापणीनंतर ओंपुंग गेली. सगळी मुलं मार्गी लागलेली, नातवंडं उदंड, असं मरण म्हणजे सोहळाच. ढोल वाजले, म्हातारे नाचले, रेडा पडला, तळ्याच्या चारी काठांवरून माणसं आली. शवपेटीजवळ रडून दमलेली रुगुनआत्या चटईवर येऊन टेकली आणि सवयीनं म्हणाली, "कुणी जरा पाणी देईल का?"

चुलीकडून आवाज कडाडला, "रांजण तिथं आहे, हात तुला आहेत! ऊठ!"

सगळा मांडव शवपेटीकडे वळला. हेल ओंपुंगचाच, फटकारा तोच, शेवटचा शब्द तोडायची रीत तीच. मारोलोपांच्या हातातलं पान गळून पडलं. चुलीच्या धुरातून बाह्या सरसावलेल्या यासिंता बाई बाहेर आल्या, हातात पळी. रुगुनआत्या त्यांच्याकडे बघून हसायला लागली, हसता हसता परत रडली, आणि उठून रांजणापाशी जाऊन स्वतःच्या हातानं पाणी प्याली. एक पेला भरून बाईंनाही दिला.

तिआर्मानं जन्मभर ओंपुंगची नक्कल केली होती. तिला हा फटकारा कधी साधला नव्हता.

ती विहिरीपाशी गेली, राखेची मूठ घेतली आणि रक्ताच्या कढईत कोपरापर्यंत हात घातले.

"ए तिआर्मा!" मागून आवाज आला. "कुरवाळू नकोस, घास! काठ राहिलाय!"