एका पुस्तकाचे चार भाग

चिमूरजवळच्या एका लहान वाचनालयात देवाजी एकोणतीस वर्षं पुस्तकं बांधत होता. पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची जाड पुस्तकं दोन महिन्यांत पाठीतून उकलत. देवाजी जुना गोंद खरवडून काढी, पुस्तकाचे विषयवार चार भाग करी, दाभणाने भोकं पाडून दुहेरी दोऱ्याने शिवी आणि वर कापडी पुठ्ठा चढवी. मग एकच पुस्तक चार जण एकाच वेळी वाचत. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

यंदा समितीच्या मनात आलं की खरेदीची सगळी रक्कम ऑनलाइन पुस्तकांच्या वर्गणीत घालावी. छापील पुस्तकं कोणी नेतच नाही, असं अध्यक्ष भैयाजींचं म्हणणं. संगणकातला तक्ताही देवघेव निम्म्यावर आल्याचं सांगत होता. पुस्तकं बंद, म्हणजे बांधणीही बंद. तीन आठवडे देवाजीचे टाके वाकडे पडत होते आणि तो ते उसवून पुन्हा घालत होता.

ग्रंथपाल सरिताबाईंना तो तक्ता पटेना. वाचनकक्षात बसायला जागा नाही, आणि देवघेव निम्म्यावर? एका दुपारी त्यांनी टेबलांवरची पुस्तकं स्वतः उघडून पाहिली. मग एकाच पुस्तकाचे चार भाग घेऊन त्या बांधणीच्या खोलीत आल्या.

"देवाजीभाऊ, चारही भागांवर एकच नंबर काऊन?"

"पुस्तक एकच होतं न बाई. चार नंबर देले असते, तर खोटं झालं असतं."

नव्याने आलेला संगणक एका नंबरावर एका वेळी एकाच वाचकाची नोंद घेई. उरलेले तिघं नोंदीशिवाय वाचून जात.

सरिताबाईंनी आठ दिवस हाताने मोजणी केली आणि ती समितीपुढे ठेवली. वाद फार झाला नाही. रोज हाताळायची परीक्षेची पुस्तकं छापीलच घ्यायची. जुन्या प्रश्नपत्रिका आणि क्वचित लागणारे महागडे संदर्भ संगणकावर.

बाहेर पडताना भैयाजी म्हणाले, "देवाजी, तुह्या खरेपणानं वाचनालयाची पुस्तकंच गेली असती न."

देवाजी हसला. ओट्यावर बसून त्याने तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आलेला चहा गरम असताना प्यायला. मग आत जाऊन दोनशे बारा भागांवर नंबरापुढे क, ख, ग, घ लिहायला घेतलं. अक्षर सारखं यावं म्हणून आधी पट्टीने रेघा आखल्या.