मावशींनी काढलेलं दीड मिनिट

पुण्याहून नाशिकची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत इस्त्रीचा कुर्ता, रेशमी मफलर आणि एक झकास भाषण होतं. नाशिकच्या एका छोट्या चित्रपट-शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार होता आणि मी पाहुणा होतो. मला पाहुणा व्हायला फार आवडतं. सिन्नरच्या थांब्यावर चहा घेताना मी शेजारच्या प्रवाशाला भाषणातला निम्मा भाग ऐकवलाही. तो बिचारा मागच्या सीटवर जाऊन बसला.

नवं शतक लागून दोन-चार वर्षं झाली होती. शाळा म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मुंबईत पंचवीस वर्षं कॅमेरा चालवून गावी परतलेल्या एका गृहस्थांनी ती काढली होती. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. त्यांची मुलं कुठे कुठे पोचली होती. एक जण मुंबईत मालिकांचं ध्वनिमुद्रण करत होता. येवल्याचा एक लग्नांचं चित्रण करी, पण त्यात नवरीपेक्षा पैठणी विणणारे हातच जास्त दिसत, म्हणून वधूपक्षाशी त्याची कायम भांडणं. आणि सुनंदा. तिच्या चौदा मिनिटांच्या फिल्मला परदेशात बक्षीस मिळालं होतं.

सुनंदा पेठ तालुक्याकडच्या डोंगरातली. तिची आई दर हंगामात बायकांच्या टोळीबरोबर खाली द्राक्षबागांत विरळणीला (घडातले जादा मणी कात्रीने काढायला) येई. फिल्म त्या टोळीवर होती. सरांनी मला तिची सीडी आधीच पाठवली होती.

संध्याकाळी मिसळ खाताना सुनंदाने पुढ्यातल्या पावाला हातही लावला नाही. शाळेचा एक नियम होता. ज्यांचं चित्रण केलं, त्यांना फिल्म सगळ्यांत आधी दाखवायची आणि ते म्हणतील तेवढं कापायचं. परदेशी पाठवायची मुदत संपत आली म्हणून तिने तो मोडला होता. सर महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. उद्या सभागृहात टोळीतल्या नऊ बायका फिल्म पाहणार होत्या आणि त्या सांगतील ते निघणार होतं, बक्षीस असो की नसो.

"आई काय म्हणंल ते सांगता येत नाय, काका," ती म्हणाली.

सकाळी नऊला बायका जीप करून आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. दहाला कार्यक्रम सुरू व्हायचा होता. सभागृह एका पुढाऱ्याने फुकट मिळवून दिलं होतं, त्यामुळे व्यासपीठही त्याचंच झालं. तो साडेअकराला आला. मग हार, मग हार घालणाऱ्यांना हार. 'आमच्या मातीची कन्या' म्हणताना त्याने मध्येच वाकून कन्येचं नाव विचारून घेतलं. त्याच्याबरोबरच्या एकाने आपण लहानपणी शाळेच्या नाटकात केलेली भूमिका अख्खी करून दाखवली. यांपैकी फिल्म एकानेही पाहिली नव्हती. मी पाहिली होती, म्हणून मी माझं भाषण अख्खं केलं. एक वाजता खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढवणारी माणसं आत शिरली. दुपारी तिथे साखरपुडा होता. फिल्म पुन्हा केव्हातरी दाखवू, असं माइकवरून सांगण्यात आलं आणि बायकांच्या हातात वेफर्सचे पुडे ठेवले गेले.

माझं डोकं फिरलं. मी पायऱ्यांवर उभा राहून त्या पुढाऱ्याला, त्याच्या चमच्यांना, हारवाल्याला, साखरपुड्याच्या नवरदेवाला अशा शेलक्या शिव्या घातल्या की दोन माणसं ऐकायला थांबली. सरांनी मला संपू दिलं.

"फिल्म चौदा मिनिटांची होती," ते म्हणाले. "तुम्ही माइकवर वीस बोललात."

मी मफलर काढून पिशवीत कोंबला.

जीपवाल्याला तीनपर्यंत थांबवलं आणि सगळे टायरच्या दुकानावर गेलो. मुलांनी खिडक्यांना काळा कागद लावला, टीव्ही टेबलावर चढवला. बायका जमिनीवर बसल्या. त्यांनी फडक्यातून सोडलेल्या नागलीच्या (नाचणीच्या) भाकरीतली चतकोर आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी माझ्याही हातावर पडली. वेफर्सचे पुडे कोपऱ्यात तसेच होते.

पडद्यावर एकमेकींना पाहून त्या खिदळत होत्या. कोण किती जाड दिसते, कोण कॅमेऱ्याकडे टक लावून बघते. मग ते दृश्य आलं. भर दुपारी सुनंदाची आई द्राक्षवेलीच्या बुंध्याला टेकून झोपली आहे, कात्री हातातच, पानांतून ऊन तोंडावर. दीड मिनिट. बक्षीस देणाऱ्यांनी याच दृश्याचं कौतुक केलं होतं. सकाळी मी त्याला 'श्रमाच्या मैफलीतला विराम' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या.

खोलीतलं खिदळणं थांबलं.

फिल्म संपल्यावर सरांनी नियमाप्रमाणे विचारलं, "मावशी, काय काढू?"

"मी निजले तेवढं काढा."

सुनंदा खाली बघत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, अहो मावशी, बक्षीस त्यालाच तर मिळालंय.

"मुकादमानं पाहिलं तर पुढल्या साली टोळीत घेईल का मला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "हजेरी भरून निजते म्हणंल. बक्षीस ठेवा तुम्ही. मला काढा."

बाकीच्या आठ जणींनी माना हलवल्या. त्यांना त्यात काही मैफल दिसली नव्हती, फक्त पकडली गेलेली बाई दिसली होती. सुनंदा उठली, कॉम्प्युटरपाशी बसली आणि तिने आईला शेजारी बसवून तिच्यादेखत तेवढं काढलं. जोड नीट बसेना, उडी दिसत होती. राहू दे, सर म्हणाले. जीपने तीनदा हॉर्न दिला.

परतीच्या एसटीत माझी चिडचिड शमेना. पुढाऱ्यावर होती, स्वतःवर तर होतीच, पण सगळ्यांत जास्त त्या जगावर, जिथे घटकाभर डोळा लागला तर पुढच्या सालचं काम जातं आणि आमच्यासारखे त्याला मैफल म्हणतात.

म्हणून इथे मावशींचं नाव नाही, गावाचं नाही आणि मुलीचं आहे ते खोटं आहे. एखादा मुकादम हे वाचत असेल तर त्याने खुशाल शोधत बसावं. त्या हंगामात नाशिकच्या एकाही द्राक्षबागेत एकही बाई झोपली नव्हती. मी फिल्म पाहिली आहे.