सावधान म्हणायच्या आधी

लग्नातल्या एस्प्रेसोला नाकं मुरडणारी माणसं मला आवडत नाहीत. पुण्याकडून आलेले पाहुणे एक घोट घेतात आणि ही खरी एस्प्रेसो नव्हेच म्हणून शिकवायला लागतात. नसेल बुवा. आमच्या शहाद्यात एस्प्रेसो म्हणजे दूध-कॉफीत मशीनची वाफ सोडायची, फेस काठाशी आला की वरून चॉकलेट पावडर भुरभुरायची. पण तीही चांगली-वाईट असते आणि फरक वाफेत असतो. बॉयलरमध्ये क्षार साचले, वायसर झिजला की वाफ ओली येते. फेस धरत नाही आणि कॉफी पाणचट लागते. बस स्टँडामागच्या दुकानात मी हीच मशीनं दुरुस्त करते. वडील स्टोव्ह दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली शिकले. बाई मशीन उघडते म्हणून सुरुवातीला रिकामटेकडे बघायला यायचे. मी त्यांच्या हातात पाना द्यायला लागले, मग यायचे बंद झाले.

धाकटा भाऊ लग्नांत कॉफीचा स्टॉल लावतो. त्याचं मशीन पितळी, जुनं, भंगारातून उचललेलं. ते पुन्हा चालतं करण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. लिंबाच्या सत्त्वाचं पाणी उकळून उकळून बॉयलरमधल्या क्षारांच्या खपल्या काढल्या, नळ्या तारेनं साफ केल्या, सांध्यांची जुनी झाळ काढून नवी लावली, नवी सेफ्टी बसवली. सेफ्टी म्हणजे डोक्यावरची झडप. आतलं प्रेशर वाढलं की ती उचलते आणि शिट्टी मारत वाफ सोडून देते. भावाला एकच बजावलं होतं, बोअरचं पाणी घालू नकोस, जारचं घाल. आमच्या बोअरच्या पाण्यानं भांडी पांढरी पडतात, तिथे बॉयलरचं काय होणार. हो म्हणाला, आणि पहिल्याच लग्नापासून बोअरचं घालत राहिला. हे मला कळलं ते नको त्या वेळी.

गेल्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या लॉनवर गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. स्टॉल भावाचा, आणि मी पाहुणी. नवरीची आई माझी शाळेतली मैत्रीण. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता मुठीत धरून मी मागे उभी होते, आणि काहीतरी चुकतंय असं मला वाटायला लागलं. मघापासून मशीनची शिट्टी अधूनमधून वाजत होती. ती एकाएकी थांबली होती. गॅस मात्र तसाच भरभरत होता.

मी स्टॉलकडे गेले. सेफ्टीवर मांडवाची तार करकचून आवळलेली होती.

"तार कोनी बांधी?"

"मीच," भाऊ म्हणाला. "नवरीना काका सांगी गयात, शिट्टीमुये मंगलाष्टक ऐकू येत नही. आनि काटा देख ना, खालेच शे. सेफ्टीच खोटी शे."

प्रेशरचा काटा खरंच खाली होता. चूक तिथेच होती. काट्याकडे जाणारी नळी काडीएवढी बारीक असते आणि बोअरच्या क्षारांनी पहिली तीच बुजते. मग आत काहीही होवो, काटा जागचा हलत नाही. काटा खोटं बोलत होता, शिट्टी खरं बोलत होती, आणि माझ्या भावानं खरं बोलणाऱ्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

मी वाकून गॅस बंद केला. पण तापलेला बॉयलर लगेच थंड होत नाही. माझी झाळ किती सोसेल ते मला ठाऊक होतं; आत प्रेशर किती आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तार सोडली तर झडप एकदम उडून उकळती वाफ तोंडावर येणार. एकच वाट होती, बाजूचा वाफेचा नळ पाण्याच्या बादलीत बुडवून हळूहळू उघडायचा. आवाज होणार होता, आणि तो मांडवभर होणार होता.

स्टॉलसमोर पोरं रांग लावून उभी होती. सगळ्यांत पुढे भावाची पोरगी, कागदी कप घेऊन, मशीनला जवळजवळ टेकून. थंडी होती, तिला ऊब बरी वाटत असणार.

"मायजवळ जा," मी हळूच म्हटलं. ओरडले असते तर पळापळ होऊन पोरं मशीनवरच आदळली असती.

"पप्पानी आठेच उभं ऱ्हावाले सांगं, फुई," ती म्हणाली.

मी नळाला हात घातला, तर भावानं माझं मनगट धरलं. "थांब ना ताई. एकच मंगलाष्टक ऱ्हायनं. सावधान व्हई जाऊ दे."

भटजी प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी सावधान म्हणत होते आणि सगळा मांडव खुशाल अक्षता उधळत होता. त्या शब्दाचा अर्थ एकाच्याही डोक्यात शिरत नव्हता, माझ्या भावाच्या तर नाहीच. एक ठेवून द्यावीशी वाटली मला त्याला. राग होता तो, पण खरं सांगायचं तर भीतीच जास्त होती.

"तुन्ही पोर कोठे उभी शे ते देख," मी म्हटलं.

त्यानं पाहिलं. माझं मनगट सुटलं. त्यानं पोरीला उचललं, मशीनकडे पाठ केली आणि मोकळ्या हातानं बाकीच्या पोरांना मागे लोटत नेलं. मी बादली ओढली, नळाचं तोंड पाण्यात बुडवलं आणि चावी केसभर फिरवली.

मोठा घरघराट झाला. बँडवाले शेवटच्या सावधानाकडेच कान लावून बसलेले. त्या आवाजानं त्यांना वाटलं, लग्न लागलं. त्यांनी ढोल बडवायला सुरुवात केली. अंतरपाट अजून धरलेलाच होता. पुढच्यांनी उरलेल्या अक्षता टाकल्या, मागच्यांनी टाळ्या वाजवल्या, भटजी हात वर करून थांबा थांबा म्हणत राहिले. मी मान वर केली नाही. चावी आणखी थोडी, आणखी थोडी. बादलीतलं पाणी खदखदून माझ्या पायांवर उडत होतं. शेवटी नुसतीच सूं सूं उरली, तेव्हा मी चावी सोडली.

तोवर नवरीचे काका येऊन उभे होते. "कोनी करं हाई? मुहूर्त बिघाडी टाका पोरना."

तुम्हीच शिट्टी बंद करायला लावली, एवढं एक वाक्य भाऊ बोलला असता तरी पुरे होतं. पण काकांच्या शब्दावर गावातली निम्मी लग्नं त्याला मिळतात. तो म्हणाला, "ताईना हात लागना, चुकीसन."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. पण पोरगी अजून त्याच्या कडेवर होती, आणि ती उतरायला बघत होती तरी तो तिला सोडत नव्हता. मी काकांना हात जोडले आणि म्हटलं, चुकलं.

मैत्रीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. गावात मी मुहूर्त बिघडवणारी म्हणून ओळखली जाते. भावानं कुणालाच खरं सांगितलेलं नाही, माझ्याजवळही त्या दिवसाचा विषय काढत नाही, आणि याचा मला आजही राग येतो. पण आता स्टॉल शहाद्यात असो की खापरला, तो आधी पोरीला आईजवळ लांब बसवून येतो. मग मला फोन लावतो. बॉयलर भरलेला असतो, पोरं लांब असतात, लायटर त्याच्या हातात असतो. "लावू का, ताई?" तो विचारतो, आणि मी सांगेपर्यंत गॅस पेटवत नाही.