कापलेली तिरपी नळी

पेंगेलींच्या घरी समोरच्या दारावर कुणी थाप मारत नसे. ओळखीची माणसं बाजूच्या वाटेनं येत आणि मागची जाळी ढकलून थेट स्वयंपाकघरात शिरत. म्हणून शनिवारी सकाळी समोरून ठकठक ऐकू आली, तेव्हा व्हर्ना हातातली सुरी ठेवून दाराकडे गेली. ती नवऱ्याच्या, लेसच्या, टोस्टवर लोणी लावत होती. हल्ली त्याच्या हातात सुरी ठरत नसे. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती, तोही नाही.

दारात जावई उभा होता, बेव्हन. मागे रस्त्यावर ट्रेलर आणि त्यावर लेसनं घडवलेली शर्यतीची गाडी.

"पुढच्या दारानं आलास? पाहुणा झालास की काय रे?" व्हर्ना म्हणाली.

बेव्हन हसला नाही. "लेसला जरा बाहेर पाठव."

लेस मूळचा सायकलींच्या सांगाड्यांचा कारागीर. मूनटा गावात वडिलांच्या दुकानात पातळ पोलादी नळ्या पितळेनं जोडायला शिकला, मग ॲडलेडला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि शर्यतींच्या नादाला लागला. त्या काळी घरगुती मोटार शर्यतीत उतरवायची म्हणजे तिला आतून पत्र्यावर पत्रा ठोकायचा, अशीच पद्धत होती. गाडी मजबूत व्हायची आणि म्हशीसारखी जडही. लेसनं उलटंच केलं. खालचा पत्रा कापून काढला, आत पातळ नळ्यांचा सांगाडा उभा केला आणि छत, दारं त्यावर नुसती अंगरख्यासारखी चढवली. बाहेरून बाजारहाटाची गाडी, आत सगळ्या नळ्याच नळ्या.

पहिल्याच दिवशी मैदानावर कुणीतरी ओरडलं होतं, "लेस, खुराडं झकास झालंय! कोंबड्या कुठायत?"

"अंडी घालून गेल्या," लेस म्हणाला होता. "तुझी गाडी फेरी मारून येईतो पिल्लं निघतील."

पुढच्या हंगामात तीच मंडळी व्हर्नाच्या हातचा चहा प्यायला येऊ लागली, खिशात मोजपट्टी घेऊन.

व्हर्नाला त्यातलं एवढंच कळे, पण ते तिला बोटांनी कळलं होतं. नळ्या कापण्याआधी लेस स्वयंपाकघरातल्या टेबलावर पितळी तारांचा वीतभर सांगाडा जोडायचा आणि तिच्या हातात देऊन म्हणायचा, "पीळ बघू." जिथे तो वळे, तिथे लेस एक तिरपी तार जोडे. मग कितीही जोर लावा, तो हलत नसे.

पुढे लेसचे हात थरथरायला लागले. गाडी किंग्जली रोच नावाच्या फर्निचरवाल्याला विकली. चालवायला मात्र बेव्हनच राहिला.

आता बेव्हननं गाडीचा पुढचा भाग उघडून दाखवला. सगळ्या नळ्या नव्या काळ्या रंगानं चकाकत होत्या.

"मोठं इंजिन बसेना. किंग्जलीनं ही तिरपी नळी कापायला लावली. त्याऐवजी खाली आडवा पाइप टाकलाय, दुप्पट जाड. चालेल ना?"

लेस वाकून बराच वेळ बघत राहिला. "वजन वाढलं, बाकी काही नाही. फाटकाची तिरपी पट्टी काढ आणि खालची फळी जाड कर. लोंबायचं ते लोंबणारच."

"मग आज शर्यतीला या गाडीत बसू नकोस तू," व्हर्ना म्हणाली.

"मी नाही बसलो तर दुसरा बसेल. रांग लागलीय, व्हर्ना."

"बसू दे दुसऱ्याला!" ती बोलून गेली आणि लगेच तिची मान खाली गेली. त्या दुसऱ्यालाही घरदार असेलच की.

"तपासणीवाले अडवतील," लेस म्हणाला, पण स्वतःशीच.

"ते गाडी उलटली तर वाचवणारा डोक्यावरचा पिंजरा तेवढा बघतात. खालच्या सांगाड्याचा नियमच नाही अजून, तुला ठाऊक आहे. किंग्जलीशी मी भांडलो, लेस. तो म्हणतो, म्हाताऱ्याच्या हातची गाडी आहे, टिकेल."

लेसनं दोन्ही हात खिशात घातले. एके काळी ती नळी त्यानं इंजिनाला वळसा घालून दुपारपर्यंत बसवून दिली असती. आता नळ्या जोडायची गॅसची ज्योत त्याच्या हातात एका जागी ठरत नव्हती आणि दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं, तर गाडी त्याची नव्हती.

"नुसतं चालेल म्हण ना," बेव्हन हळूच म्हणाला. "मला तेवढंच ऐकून निघायचंय."

"नाही म्हणवत रे."

शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. बेव्हननं घड्याळाकडे बघितलं. व्हर्नाला वाटलं, आता हा गाडी झाकणार आणि जाणार, आणि आपण हात हलवून निरोप देणार, दर शनिवारसारखा.

लेस पुन्हा वाकला. कापलेल्या नळीच्या वरच्या सांध्यावर त्यानं अंगठा ठेवला.

"भेग इथे पडेल," तो म्हणाला. "काळ्या रंगात ती दिसत नाही, पांढऱ्यात दिसते. शेडमध्ये पांढऱ्या रंगाचा डबा आहे. एवढा एक सांधा खरवडून मला पांढरा करू दे, बेव्हन. वाळेपर्यंत थांब, आणि सरावाच्या फेऱ्या झाल्या की खाली उतरून एकदा त्याच्याकडे बघ."