मीठ ओलं झालं होतं

आमची ताई जिवाणूंना मीठ चारायची. म्हणजे आई तरी शेजारणींना असंच सांगायची, "एवढी शिकली आणि प्रयोगशाळेत करते काय, तर मीठ मोजते!" ताई नुसती हसायची. चिडायचे मी.

काम नाजूक होतं. जिवाणू फोडून त्यांचा रस काढायचा आणि नळीत त्या रसाकडून प्रथिन बनवून घ्यायचं. प्रथिन बनवणारं जिवाणूचं यंत्र दोन तुकड्यांचं असतं. मॅग्नेशियमचं मीठ बेताचं असलं तर तुकडे एकमेकांना धरून राहतात, कमी पडलं की सुटतात आणि सगळं ठप्प. जमलंच, तर प्रथिन निळ्या उजेडात हिरवंगार चमकणार होतं.

आईची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ती ताईला म्हणाली, "तुझं ते हिरवं तेवढं दाखव बाई. मग खुशाल जाऊ देत डोळे."

ताईने जिवाचं रान केलं. नळी काही चमकेना. रस बदलला, नळ्या बदलल्या, छे! मी ओरडले, "जळलं मेलं तुझं हिरवं, आईजवळ बस जरा!" ऐकेल तर शपथ.

शेवटी दोष सापडला मिठाच्या बाटलीत. ते मीठ हवेतलं पाणी ओढतं. आई जिन्यात पडल्याचा माझा फोन गेला, तेव्हा ताई बाटली उघडीच टाकून धावली होती. तेव्हापासून बिचारी मिठाबरोबर पाणीही तोलत होती आणि मीठ कमी पडत होतं. आईसाठीच धावली होती हो! आता राग काढायचा तरी कुणावर?

नवी बाटली उघडली आणि नळी चमकली. ताई नळी आणि निळा टॉर्च घेऊन तडक घरी आली. मी पडदे ओढले, दार लावलं. ताईने खिडकीपाशी नळी धरून टॉर्च लावला. काय सुंदर हिरवं होतं ते!

"आई, बघ!" मी दारातून म्हणाले.

आई खाटेवर सावरून बसली. "अगंबाई, किती गोड हिरवं गं! जमलं बाई तुला मीठ."

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या आवाजाकडे.

माझा हुंदका फुटणार, तोच ताईने मानेनेच नको म्हटलं. टॉर्च खिडकीत ठेवून ती दबक्या पावलांनी माझ्याशेजारी आली आणि आईसमोर नळी धरली. नळी आता साधी, पाण्यासारखी दिसत होती.

"अजून जरा वेळ धर गं," आई म्हणाली.

ताई धरून उभी राहिली.