पट्टी निळी झाली म्हणून

मंडळी, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

दुपारी विंझरला मावशीकडे गेले. काका ओसरीवर आडवे होते. डोळे अर्धवट मिटलेले, श्वास धावून आल्यासारखा. जवळ गेले तर तोंडाला पिकून गेलेल्या फळांचा वास.

मावशी मात्र खुशीत होती. लघवीत बुडवलेली कागदाची पट्टी तिनं मला दाखवली. "बघ, निळी झालीया. अंगातलं आम्ल गेलं. पेशींचं व्होल्टेज वाढलंय त्यांच्या."

हे तिला मोबाईलवरच्या व्हिडिओनं शिकवलेलं. रोज पाण्यातून खायचा सोडा द्यायचा आणि पट्टी बघायची.

"आणि इन्सुलिन?" मी विचारलं.

"ते बंद केलं. आता गरज न्हाई. झोपू दे त्यांना, चार्ज व्हतायत."

शेजाऱ्यांच्या गाडीतून काकांना भोरला आणलं. डॉक्टर म्हणाले, "सोडा प्यायल्यावर लघवीची पट्टी निळी होणारच. इन्सुलिन बंद केल्यानं रक्तात आम्ल साठत चाललंय, ते पट्टीला कुठून कळणार?" काका अजून शुद्धीवर नाहीत.

मग मावशी हळूच म्हणाली, "म्या हिर्डोशीच्या वन्संस्नीबी पट्ट्या दिल्यात. त्याबी इन्सुलिन घेत हुत्या."

वन्सं म्हणजे तिची नणंद. तिथं एकट्याच राहतात. मी सारखी फोन लावतेय. रिंग वाजते, कुणी उचलत नाही.

हिर्डोशीत कुणाच्या ओळखीचं आहे का? घर कुठलं ते मेसेजमध्ये सांगते. आत्ता जाऊन त्यांचं दार वाजवाल का?